न पाहिलेल्या विद्यार्थ्याचं शिफारसपत्र

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला. ‘मॅडम, मी २०२०-२१ च्या एसवायचा (दुसऱ्या वर्षाचा), रोल नंबर ४७. तुम्ही आम्हाला इनऑर्गॅनिक शिकवायच्या. पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र लागतंय, तुम्ही द्याल का?’ तो आता वाळूजला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मला त्याचा चेहराच आठवेना. आठवणार कसा? मी तो पाहिलेलाच नाही. ते सगळं वर्ष मोबाईलवर तास घेतले. पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. माझ्यासमोर पडद्यावर असायची ती फक्त रंगीत गोलातली त्यांच्या नावांची पहिली अक्षरं. ज्यांना जोडता यायचं नाही त्यांना संध्याकाळी फोन करायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात धडे पाठवायचे, पण त्याची नोंद कुठेच नाही. आता वाटतं, त्या लेकरांना आपण काहीच शिकवलं नाही आणि पगार मात्र पूर्ण घेतला. त्यातच ‘कोविड काळातील ऑनलाइन अध्यापनाचे अनुभव’ हा विभागाचा अहवाल माझ्याकडे आलाय. जुन्या फायलींत सगळं ‘यशस्वीरीत्या’ पार पडलेलं आहे. शिफारसपत्र देऊ का? आणि अहवालात काय लिहू?

उत्तर

मॅडम, शिफारसपत्र द्या. पण त्याआधी त्या मुलाला फोन लावा. मेसेजवर भागवू नका.

फोनवर पहिल्यांदा हेच सांगा की, ‘बाळा, मी तुला पाहिलेलं नाही.’ त्याला ते ठाऊकच आहे. टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, त्याला समोरासमोर शिकवणारे शिक्षक होते, त्यांनी त्याचं प्रॅक्टिकल पाहिलं, त्याची व्हायवा घेतली. त्यांच्यातल्या कुणाकडे तो सहज जाऊ शकला असता. तरी जिने त्याचं तोंड पाहिलं नाही, अशा बाईकडे तो आला. का आला, हे त्यालाच विचारा. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो, आणि तो तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही.

कोविडच्या त्या दोन वर्षांत शिक्षकांनी काय पाठवलं याची नोंद महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. किती लिंक, किती पीडीएफ, किती व्हिडिओ, सगळ्याचे तक्ते झाले, स्क्रीनशॉट निघाले, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींना लागले. पोचलं काय, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. तुमच्याकडे ते विचारायची संधी स्वतःहून चालून आली आहे. आठवत असेल तर कोणता तास आठवतो, काय कळलं होतं, काय डोक्यावरून गेलं, कंपनीत पहिल्या महिन्यात कुठे अडला, ते विचारा. तो बोलेल. नोकरीला लागलेली पोरं त्या काळाबद्दल बोलायला तयार असतात, आपण विचारत नाही.

मग जुना माल शोधा. गुगल क्लासरूम उघडून पाहा. कॉलेजचं खातं बंद झालं नसेल तर त्यात त्याच्या वहीच्या पानांचे फोटो, चाचण्यांचे फॉर्म, उशिरा का होईना पाठवलेला गृहपाठ असेल. व्हॉट्सअ‍ॅपचा तो ग्रुप फोनमध्ये असेल तर त्याचा नंबर टाकून शोधा. त्याने विचारलेली एखादी शंका सापडली, तर पत्रासाठी तेवढी पुरते. आणि काहीच नाही सापडलं, तर त्याच्याकडूनच सध्याच्या कामाविषयी पानभर लिहून मागवा आणि ते वाचून, त्याच्याशी बोलून तुमचं मत बनवा.

पत्रात खोटं एक अक्षर नको. ‘मी या विद्यार्थ्याला अनेक वर्षांपासून जवळून ओळखते, तो कष्टाळू व नम्र आहे’ हे ठोकळ्यातलं वाक्य तुम्हाला लिहवणारही नाही. त्याऐवजी असं काही लिहा: ‘२०२०-२१ हे संपूर्ण वर्ष महामारीमुळे मी या विद्यार्थ्याला मोबाईलवरून शिकवलं. आमची प्रत्यक्ष भेट झाली नाही. त्या वर्षी त्याच्या वर्गाला प्रयोगशाळा मिळाली नाही. आज तो औषधांच्या तपासणीचं काम करतो आणि त्यासाठी लागणारं हातांचं कौशल्य त्याने पदवीच्या शेवटच्या वर्षात व नोकरीत स्वतः मिळवलं. त्याच्याशी नुकत्याच झालेल्या सविस्तर बोलण्यावरून माझं मत असं…’ आणि पुढे जे खरंच वाटलं ते. हे इंग्रजीत करून पाठवा. अर्ज वाचणाऱ्याच्या हाती छापील कौतुकाची पत्रं ढिगाने येतात. त्या ढिगात तुमचं पत्र उठून दिसेल, कारण त्यात एका मुलाने काय नसताना काय कमावलं हे सांगितलेलं असेल. आणि बोलून झाल्यावरही मत बनत नसेल, तर त्याला तसं लगेच कळवा, म्हणजे त्याला दुसरीकडे जायला वेळ राहील. त्यात कमीपणा नाही.

आता ‘आपण काहीच शिकवलं नाही’ या तुमच्या वाक्याकडे येते. ते मला मान्य नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून देश बंद. ज्यांनी आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकवलं त्यांना काही आठवड्यांत मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून रेणूंच्या आकृत्या समजावायच्या होत्या. प्रशिक्षण म्हणून त्या उन्हाळ्यात वेबिनारांचा आणि ई-सर्टिफिकेटांचा पूर आला. त्यात ‘अनम्यूट कसं करायचं’ ते ‘शिक्षणाचं भवितव्य’ असं सगळं होतं. बालाघाटाच्या कुशीतल्या वाडीत, जिथे रेंजसाठी माळवदावर चढावं लागतं, तिथल्या मुलाला कसं शिकवायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते ज्याचं त्याने शोधलं. तुम्हीही शोधलंत: आवाजात धडे.

तुमच्या पत्रात त्याला अर्धं वाक्य आलंय. मी तिथेच थांबले. मराठवाड्यात त्या काळात खरोखर काय चाललं, तर हेच. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज, फोन एक आणि शिकणारी भावंडं दोन-तीन. तासभर व्हिडिओ चालला की बाकीच्यांची पंचाईत. त्यात शाळेतल्या धाकट्याचा तास आणि कॉलेजातल्या थोरलीचा तास एकाच वेळेला. शिवाय ज्याचा फोन तो बाप सकाळीच शेतावर. अशा घरात दहा मिनिटांचा आवाज रात्री उतरवून घेता येतो, पुन्हा पुन्हा ऐकता येतो, आखाड्यावर जनावरांना वैरण टाकताना ऐकता येतो. सरकारच्या स्वयंप्रभा या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या होत्या, स्वयमचे ऑनलाइन अभ्यासक्रम होते, चांगलेही होते. पण आपल्या मुलांना हवी होती आपल्या मॅडमची ओळखीची भाषा, आणि ‘इथं सगळेच चुकतात, दोनदा ऐका’ असं म्हणणारं कुणीतरी. त्या मुलाशी बोलाल तेव्हा या धड्यांबद्दल जरूर विचारा.

कॅमेरे बंद असायचे म्हणून अनेक शिक्षक आजही दुखावलेले आहेत. मला आलेल्या कितीतरी पत्रांत हाच सल असतो: ‘भिंतीशी बोलत होतो.’ तो एकटेपणा खरा होता, त्याला कमी लेखू नका. पण त्या बंद कॅमेऱ्याच्या पलीकडे काय होतं, तेही बघितलं पाहिजे. पत्र्याची एकच खोली, तिच्यात आजारी आजी. मागे भांडी घासणारी आई. फोन भावाचा, म्हणून हजेरीत मुलीच्या नावाऐवजी भावाने ठेवलेलं भलतंच नाव. आपलं घर वर्गाला दाखवायचं नाही, एवढी अब्रू तर प्रत्येक लेकराला असते. आणि तुमच्या जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि कॉलेज बंदच आहे म्हणून कितीतरी मुलं आईबापांबरोबर फडावर गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये हेच मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते आणि सरकारच्या परवानगीनंतर गावी परतले होते. सहा महिन्यांत पुन्हा कोयता हातात. त्यांच्यातलं एखादं पोरगं फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत बसून ‘प्रेझेंट मॅडम’ असं टाइप करत असेल आणि फोन खिशात ठेवून मोळ्या बांधायला जात असेल, तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. त्याने धागा तुटू दिला नाही.

रसायनशास्त्राचं नुकसान मात्र खरंच झालं आणि ते झाकू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये शेवटच्या थेंबाला येणारी फिकट गुलाबी छटा मोबाईलच्या पडद्यावर दिसत नाही. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने किती फिरवायची, उजव्या हाताने फ्लास्क कसा हलवत राहायचा, वाचन घेताना डोळा कुठल्या पातळीला हवा, हे ऐकून येत नाही. हात बसावा लागतो. त्या बॅचेसची बरीच मुलं आज कुठे ना कुठे शिकवताहेत, अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल घेताहेत. त्यांच्या हातात जे आलं नाही ते पुढच्यांच्या हातात कसं जाणार? म्हणून माझी एक सूचना आहे. प्राचार्यांची परवानगी काढा आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन दिवस विभागाची प्रयोगशाळा त्या वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवा. उद्घाटन नको, बॅनर नको, सत्कार नको. नुसती टेबलं, ब्युरेट, पिपेट, सॉल्टच्या बाटल्या आणि तुम्ही. ज्यांना यायचंय ते येतील. कमी आले तरी चालेल. वाळूजच्या त्या मुलाला जमलं तर शिकवायला बोलवा. ब्युरेट आता तो तुमच्यापेक्षा जास्त हाताळतो.

पगाराचं म्हणता. तुम्ही तो घेतला, तुमचं कामही होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्यांच्याबद्दल सगळ्यांनाच लाज वाटायला हवी ते सीएचबीवाले आहेत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तास झाला तर पैसे. कॉलेज बंद, वेळापत्रक कोलमडलेलं, ऑनलाइन तास मोजायचे की नाही यावर घोळ, आणि बिलं महिनोन्‌महिने अडकलेली. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं त्या काळात भाजीचा गाडा लावून बसली, मोंढ्यात हमालीच्या हिशेबाला बसली, शेतात परतली. तुमच्या विभागातही असं कुणी असणार. तुमच्या अहवालात पहिला अनुभव त्यांचा घ्या. ते आज दुसरीकडे असतील तर शोधून काढा. त्यांनीही लिंका टाकल्या होत्या, त्यांनीही मुलांना फोन केले होते, आणि घरचा किराणा उधारीवर होता. याची नोंद झाली नाही तर पुढच्या संकटात पुन्हा हेच होईल.

आता अहवाल. ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द आधी काढून टाका. प्राचार्य विचारतील की नॅकला काय दाखवायचं. त्यांना शांतपणे सांगा की आकड्यांचा तक्ता तसाच जोडू, पण त्याच्यासोबत ही चार-पाच पानं जातील. भांडण नको. ऑनलाइन तास झालेच नाहीत असं तुम्ही म्हणत नाही. ते कसे झाले, एवढंच सांगताय.

तारखांचा सांगाडा धरून लिहा, म्हणजे भावनेच्या भरात भरकटायला होणार नाही. मार्च २०२० ला काय शिकवून व्हायचं राहिलं होतं. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत यावरचा उन्हाळाभराचा घोळ. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, परीक्षा घ्याव्याच लागतील असा. मग ऑक्टोबरातल्या बहुपर्यायी परीक्षा, आणि लॉग-इन होत नाही म्हणून दिवसभर वाजणारा तुमचा फोन. १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या हजेरीने कॉलेजं उघडायची परवानगी मिळाली. मुलं यायला लागतात न लागतात तोच दुसरी लाट. मार्चअखेर बीड आणि नांदेड जिल्ह्यांत तर राज्याच्या आधीच टाळेबंदी लागली. त्या एप्रिल-मे मध्ये कुणाचा तास आणि कुणाचं काय! ऑक्सिजनसाठी, रेमडेसिव्हिरसाठी लोक जिल्हाभर फिरत होते. शिक्षक गेले, विद्यार्थ्यांचे आईबाप गेले. ज्यांच्या घरात मरण झालं त्या मुलांनी जूनमध्ये असाइनमेंट कशी पाठवली, हे विचारून लिहा, किंवा पाठवली नाही तर का, तेही. मग २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली, आणि जानेवारीत पुन्हा बंद झाली.

प्रत्येक टप्प्यावर तुमच्या विभागात काय चाललं ते लिहा. ज्या घरात तुम्ही तास घेत होतात, त्या घराबद्दलही लिहा. सासूबाईंचं पथ्य, मुलाचा स्वतःचा ऑनलाइन वर्ग, गॅसवर भाजी आणि कानात हेडफोन, हे सगळं अध्यापनाच्या अनुभवातच येतं. पुरुष सहकाऱ्यांनी ते लिहिलेलं नसेल, कारण अनेकांना तास घेताना खोलीचं दार लावून बसता येत होतं. तुम्हाला आलं नसेल तर तसं लिहा. याने अहवाल ‘वैयक्तिक’ होतो, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

मुलांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत घ्या, पण नावं घालू नका. दहा-पंधरा जणांना फोन केलात तरी पुष्कळ. गुगल फॉर्म पाठवू नका. त्या मुलांनी आयुष्यात पुरेसे फॉर्म भरलेत.

फोन करायला बसाल तेव्हा २०२०-२१ ची हजेरीची यादी समोर घ्या आणि ज्या मुली मधेच गायब झाल्या त्यांच्या नावांवर खूण करा. अशी नावं निघतीलच. पन्नास माणसांत, पुढे तर पंचवीस माणसांत लग्न उरकायची मुभा होती. खर्च वाचतोय म्हणून आपल्या भागात त्या दोन वर्षांत मुलींची लग्नं भराभर लागली. शाळकरी वयाच्या मुलींचीसुद्धा लागली, तिथे पदवीला बसलेल्या मुलीला कोण थांबवतो? पडद्यावर तिचं अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा नेट गेलं असेल असंच सगळ्यांना वाटलं. वर्गात बाक रिकामा राहिला असता तर निदान मैत्रिणीला विचारलं गेलं असतं.

या मुली आज चोविशी-पंचविशीच्या असतील, बऱ्याचजणींची लेकरं शाळेत जायला लागली असतील. त्यांना शोधा. फोन थेट तिला लावता आला तर उत्तम, नाहीतर माहेरच्या नंबरावरून आईशी आधी बोला. सासरी अचानक कॉलेजचा फोन गेला तर तिला जाच होऊ शकतो. पहिल्या फोनवर शिक्षणाचा विषय काढला नाही तरी चालेल. खुशाली विचारा, ‘तुझी आठवण आली’ म्हणा. दुसऱ्या वेळी विचारा की राहिलेले पेपर काढायचेत का.

‘हो’ म्हणाली तर पुढचं काम तुमचं. तिचे कोणते विषय राहिलेत, पदवी पूर्ण करायच्या मुदतीत ती बसते का, जुना अभ्यासक्रम बदलला असेल तर समकक्ष विषय कोणता, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन विचारा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही. विद्यापीठ संभाजीनगरला, तिथे कामाने जाणं होईलच, तेव्हा तिचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि जुन्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स सोबत न्या. मुदत उलटली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. तिथे आधीचं शिक्षण कितपत धरलं जातं, कोणती शाखा मिळते, याची चौकशी जवळच्या अभ्यासकेंद्रावर करा आणि मगच तिला सांगा, म्हणजे खोटी आशा लागणार नाही. परीक्षा शुल्काची अडचण असेल तर विभागातल्या चौघांनी मिळून भरा. परीक्षेच्या दिवशी तिचं लेकरू सांभाळायला कुणी आहे का, हेही आधीच विचारून ठेवा. पेपर चुकतो तो बहुतेकदा याच कारणाने.